सहलीच्या वहीतलं नाव

गेल्या डिसेंबरात आम्ही तेरा मैत्रिणी जंजिऱ्याला सहलीला गेलो. दहावी होऊन तीस वर्षं होत आली. सगळ्यांनी चाळिशी कधीच ओलांडलेली. कुणाचे गुडघे दुखतात, कुणाला चष्म्याशिवाय भाव वाचता येत नाही, दोघी तर आजी झाल्या आहेत. तरी आदल्या रात्री कुणालाही झोप नव्हती. फजरच्या आधीच ग्रुपवर पहिला सलाम पडला आणि लगेच विचारणा सुरू झाली, “सोड्याचा पुलाव कोण आणतंय? पाण्याचे कॅन घेतले का? आपांना घ्यायला कोण जाणार?”

आमचं गाव म्हसळ्याच्या बाजूला, खाडीकाठी. गावात उर्दू हायस्कूल. वर्गात एका बाजूला मुलगे, खिडकीकडच्या बाकांवर आम्ही मुली. मार्च १९९६ मध्ये दहावी झालो आणि पांगलो. कुणी लग्न होऊन मुंब्र्याला गेली, कुणी पनवेलला, कुणी महाडला. एक दोहाला आहे, एक केपटाऊनला. एक नर्स झाली, एक नवऱ्याच्या दुकानाचा हिशेब पाहते. आम्ही दोघी बी.एड. करून शिक्षिका झालो, उर्दू आणि मराठी शिकवतो. बाकीच्यांनी घरं सांभाळली, मुलं वाढवली, सासू-सासऱ्यांची दुखणी काढली. मधल्या काळात एकमेकींच्या खबरी मिळायच्या त्या कुणाच्या लग्नात किंवा कुणाच्या मयतीत.

आमचा ग्रुप झाला तोही आनंदाच्या निमित्तानं नाही. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ आलं. श्रीवर्धन, दिवेआगर, म्हसळा, सगळा भाग झोडपला गेला. नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या, घरांवरचे पत्रे उडाले, वीज आणि फोन कितीतरी दिवस बंद. मुंबईकडच्या मैत्रिणींना माहेरची खबर कळेना. तेव्हा एकीनं सापडतील तेवढे नंबर गोळा केले. कुणाच्या घरावर छप्पर आहे, कुणाला ताडपत्री हवी, एवढ्यासाठीच तो ग्रुप होता. छपरं परत चढली, वाड्यांमध्ये नवी रोपं लागली, पण ग्रुप राहिला. त्याला नाव दिलं, ‘दहावी १९९६’. नावं शोधायला सोपा रस्ता होता. एकीकडे दहावीच्या निकालाचा कागद जपून ठेवलेला होता. त्यातल्या सोळा मुलींची नावं घेतली आणि एकेक करत सोळाही जणी मिळाल्या. आम्हाला केवढा अभिमान वाटला होता! म्हटलं, आमच्या वर्गातलं कुणी सुटलं नाही.

सहलीची परवानगी मिळवणं म्हणजे दुसरी दहावीच. “या वयात सहल?” असं कुणाच्या सासूबाई म्हणाल्या. एकीच्या नवऱ्यानं दिवसभराच्या जेवणाचं काय, ते विचारलं. पण सगळ्यात लागलं ते एकीच्या मुलाचं बोलणं. वीस वर्षांचा मुलगा. त्यानं अगदी निरागसपणे विचारलं, “अम्मी, तुला मैत्रिणी आहेत?” तिनं ते ग्रुपवर सांगितलं तेव्हा आम्ही हसलो. नंतर बराच वेळ कुणी काही लिहिलं नाही.

जंजिराच का, तर नववीत आमची सहल तिथंच गेली होती. जानेवारी १९९५. तीच सहल पुन्हा करायची, आणि जिनं नेली होती तिलाच बरोबर घ्यायचं, असं ठरलं. आमच्या वर्गशिक्षिका आपा आता सत्तरीच्या पुढे आहेत. काठी घेऊन चालतात, पण आवाज अजून तसाच. मिनी बसमध्ये चढल्या चढल्या त्यांनी आधी मागच्या बाकावरच्या दोघींना गप्प केलं.

दिघीला फेरीबोटीत बस चढवली, आगरदांड्याला उतरलो, तिथून राजपुरी. राजपुरीच्या धक्क्यावरून शिडाच्या होडीत बसलो. जझीरा म्हणजे बेट, त्यावरून जंजिरा, हे आपांनी तेव्हाही सांगितलं होतं, आताही सांगितलं. होडी अगदी जवळ जाईपर्यंत किल्ल्याचा दरवाजा दिसत नाही. तेव्हा आम्ही घाबरलो होतो, की आता ही होडी भिंतीवर आपटणार. या वेळी घाबरलो ते होडीतून पायरीवर पाय टाकताना. दरवाज्याजवळ दगडात कोरलेला वाघ, त्यानं पंजात आणि शेपटीत पकडलेले हत्ती. आत कलालबांगडी तोफ, चारही बाजूंना खारा समुद्र असताना मधोमध गोड्या पाण्याचं तळं. आतली वस्ती केव्हाच उठून गेली आहे, पडक्या भिंतींवर झाडं उगवली आहेत. तोफेजवळ आम्ही नववीतल्यासारख्या रांगेत उभ्या राहून फोटो काढला. उंचीप्रमाणे उभं राहायचं, तर आता कोण कुणापेक्षा उंच हेच बदललेलं.

दुपारी मुरूडला एका नारळाच्या वाडीत जेवलो. सोड्याचा पुलाव, तळलेले बोंबील, एकीनं पहाटे उठून केलेली सांदणं. चटया अंथरून जोहरची नमाज पढलो. मग चहाच्या आधी आपांनी पिशवीतून एक जुनी वही काढली. पुठ्ठा निखळलेला, कडा पिवळ्या.

“ही तुमच्या सहलीची वही. कुणी किती पैसे भरले ते यात आहे. आता हजेरी घेते. नीट बसा.”

आम्ही नीट बसलो. मुलींचे नंबर अठरापासून सुरू व्हायचे. आपा नंबर आणि नाव वाचत गेल्या आणि आम्ही “हाजिर” म्हणत गेलो. माहेरचं पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट, कित्येक वर्षांनी कानावर पडत होतं. काहींचे डोळे तेवढ्यानंच भरून आले. अठरा, एकोणीस, वीस. बावीस नंबर केपटाऊनला, तिची हजेरी आम्ही सगळ्यांनी मिळून दिली.

“तेवीस.” आपांनी नाव वाचलं.

कुणीच काही बोललं नाही. आपांनी पुन्हा वाचलं. वाडीत वारा होता, झावळ्यांचा आवाज तेवढा येत होता. नाव ऐकताच आम्हाला सगळं आठवलं, आणि ते कुणी बोलू नये असंही प्रत्येकीला वाटलं.

नववीत आम्ही एकोणीस मुली होतो. दहावीच्या परीक्षेला बसलो सोळा. तिघी मधे कमी झाल्या. एकीचं कुटुंब पुण्याला गेलं. दुसरी पुढे बाळंतपणात अल्लाहला प्यारी झाली, तिच्यासाठी आम्ही दुआ करतो. तिसरी ही, तेवीस नंबरची. आमच्या निकालाच्या कागदावर तिचं नाव नव्हतं, म्हणून ग्रुपवर नव्हतं, म्हणून आमच्या मनातही नव्हतं.

आपांनी वही आमच्यापुढे धरली. सहलीचे चाळीस रुपये होते. बहुतेकींच्या नावापुढे एकच आकडा, ४०. तिच्या नावापुढे ५, ५, १०, ५. आणि मग लाल शाईनं, ‘परत’.

“सहलीच्या दोन दिवस आधी येऊन पैसे परत घेऊन गेली,” आपा म्हणाल्या. “घरी लागत होते. पंधरा रुपये तर कमी होते. मी भरले असते. पण तिनं मागितले नाहीत, आणि मीही विचारलं नाही. तीस वर्षं झाली, वही फेकवत नाही.”

तिचे वडील कुवेतला होते. त्या वेळी आमच्या भागातल्या कितीतरी घरांत चूल कुवेतच्या पैशावर पेटायची. ऑगस्ट १९९० मध्ये इराकनं कुवेत घेतलं आणि आपली माणसं अम्मानमार्गे विमानानं मुंबईला आणली गेली. कुणी एका बॅगेनिशी आलं, कुणी अंगावरच्या कपड्यांनिशी. तिचे वडील असेच आले. पगार बुडाला, साठवलेलं तिथंच राहिलं, इथं घराचं बांधकाम अर्धवट आणि कर्ज डोक्यावर. नुकसानभरपाईला पुढे बरीच वर्षं गेली. तोवर तिची शाळा सुटली, आणि भरपाईचे पैसे घरात आले तेव्हा तिचं लग्न होऊन गेलं होतं.

“ती कुठं असते, आपा?” शेवटी एकीनं विचारलं.

“राजपुरीला. सकाळी तुम्ही ज्या धक्क्यावर होडीत बसलात, त्याच्या वरच्या अंगाला घर आहे. गेल्या वर्षी एका लग्नात भेटली. तुम्हा सगळ्यांची नावं घेऊन विचारत होती. म्हटलं, ग्रुपवर आहेस ना? म्हणाली, मला कुणी घेतलं नाही.”

“सकाळी का नाही सांगितलंत?”

“सकाळी सांगितलं असतं तर तुम्ही ‘पुढच्या वेळी’ म्हणाला असता.” आपा आम्हाला ओळखतात. त्यांनी तिथूनच फोन लावला. पलीकडून एकच शब्द आला, “या.”

असरच्या सुमारास आम्ही तिच्या दारात उभ्या राहिलो. तेरा बायका आणि आपा. चपला ठेवायला ओटा पुरेना. ती दारात आली, आपांच्या गळ्यात पडली, मग आम्हा प्रत्येकीकडे पाहून एकेक नाव घेत गेली. एकही चुकली नाही. आम्हाला मात्र तिचा चेहरा जुन्या चेहऱ्याशी जुळवायला वेळ लागला. तिनं जानमाज आणून दिल्या, आळीपाळीनं असर पढलो. तिच्या सुनेनं चहा टाकला.

ओट्यावरून जंजिरा समोर दिसत होता. एकीनं काहीतरी बोलायचं म्हणून म्हटलं, “तुझं बरं आहे, रोज किल्ला बघायला मिळतो.”

“बघते रोज,” ती म्हणाली. “आत अजून गेले नाही.”

अठ्ठावीस वर्षं त्या घरात काढून, एकदाही नाही. पुढे काय बोलावं ते आम्हाला सुचेना. मग तीच बोलली. आवाजात राग नव्हता, म्हणून ऐकणं जास्त कठीण गेलं.

“सहलीचं मला काही नाही. पैसे नव्हते, नाही गेले. शाळेचंही नाही, अब्बांचा इलाज नव्हता. एकच आठवतं. शाळा सुटल्यावर मी सकाळी दारात उभी राहायची, धाकट्याला कडेवर घेऊन. तुम्ही खालच्या रस्त्यानं जायच्यात. थांबायच्यात. काल काय शिकवलं ते सांगायच्यात. आठ-दहा दिवस. मग तुम्ही वरच्या रस्त्यानं जायला लागलात.”

खरं आहे. वरचा रस्ता मशिदीकडून जातो आणि दहा मिनिटं लांबचा आहे. तो रस्ता आम्ही का धरला? तिनं आमच्यातल्या एकीची इतिहासाची वही उतरवून घ्यायला मागितली होती. वही परत आली तेव्हा दोन पानांवर रॉकेलचा डाग होता. त्या मैत्रिणीला घरी ओरडा बसला. त्यानंतर ती आणखी कुणाची वही मागेल, आपल्याला नाही म्हणता येणार नाही, या भीतीनं आम्ही रस्ता बदलला. आपसात म्हणायचो, वरच्या रस्त्यानं सावली आहे. दहावीचं अख्खं वर्ष आम्ही त्या सावलीतून गेलो.

आम्ही काही दुष्ट मुली नव्हतो. तिची कीव करायचो, घरी तिच्याबद्दल हळहळायचो. पण तिच्यासमोर उभं राहिलं की आपल्या खांद्यावरचं दप्तर जड वाटायचं. ते जड वाटू नये म्हणून तिच्याकडेच बघायचं नाही, असा सोपा मार्ग आम्ही काढला. मोठेपणीही माणसं हेच करतात. अडचणीत आलेल्या नातेवाइकाचा फोन उचलायचा टाळतात, तलाक झालेल्या मैत्रिणीला दावतीत बोलवायचं विसरतात. त्याला आपण वाईटपणा म्हणत नाही, गडबडीत राहून गेलं म्हणतो.

हुकूकुल इबादबद्दल आपण लहानपणापासून ऐकतो. बंद्याचं मन दुखावलं असेल तर माफी त्या बंद्याकडेच मागावी लागते. हे आम्ही वर्गात शिकलो, आम्ही दोघी तर वर्गात शिकवतोही. पण समोरासमोर बसून, नाव घेऊन, नेमकं काय केलं ते सांगून माफी मागण्याची वेळ आमच्यावर पहिल्यांदा आली. शबेबरातला मोबाइलवर सगळ्यांना एकदम जो माफीचा मेसेज जातो, तो या कामाचा नाही. जिची वही होती ती पहिली बोलली. मग एकेक जण. कुणाला नीट बोलता आलं नाही.

तिनं ऐकून घेतलं. म्हणाली, “केलं माफ. अल्लाहही माफ करो. पण तो रस्ता आठवायचा थांबेल असं नाही सांगत. चहा घ्या, निवला.”

आम्ही निवलेला चहा घेतला. आम्हाला वाटलं होतं, गळाभेट होईल, रडणं होईल आणि सगळं धुऊन निघेल. तसं झालं नाही, आणि ते बरंच झालं. तीस वर्षांचा हिशेब एका कप चहात मिटला असता, तर तो आम्हीही परत वरच्या रस्त्यावर ठेवून आलो असतो.

निघताना तिनं कपाटातून प्लास्टिकच्या पिशवीतला एक कागद काढला. तिचा शाळा सोडल्याचा दाखला. इयत्ता नववी. वर्तणूक चांगली. शाळा सोडण्याचं कारण, पालकांची विनंती. तिनं तो तीस वर्षं जपला होता. आम्हा दोघी शिक्षिकांना बाजूला घेऊन विचारलं, “ते सतरा नंबरच्या फॉर्मचं काय असतं? माझ्यासाठी नाही. सुनेनं दहावी अर्धी सोडलीय. हुशार आहे. माझी मुलगी बी.कॉम. झाली, हिनं का मागे राहावं?”

ज्या बहिणींना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगतो. शाळा सुटलेल्या मुला-मुलींना, लग्न झालेल्या बायकांनाही, राज्य मंडळाचा १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावीला आणि बारावीला बसता येतं. फॉर्म आता ऑनलाइन भरतात. शाळा सोडल्याचा दाखला, आधार कार्ड आणि फोटो लागतो. तो कोणत्या शाळेमार्फत जाईल आणि मुदत कधी, हे जवळच्या हायस्कूलमध्ये विचारावं. मुदत परीक्षेच्या कितीतरी महिने आधी संपते, तेव्हा मार्चची वाट पाहू नये. तिच्या सुनेची या वर्षीची मुदत निघून गेली होती. पुढच्या परीक्षेचा फॉर्म आम्ही दोघी भरून देणार आहोत. पुस्तकं मात्र आताच पोचवली. वह्याही, कोऱ्या.

परतताना फेरीबोटीवर मगरिब झाली. कुणी गाणी म्हटली नाहीत, भेंड्या लावल्या नाहीत. बस गावात शिरण्याआधीच ग्रुपचं नाव बदललं होतं. आता तो ‘नववी १९९५’ आहे. पुण्याची मैत्रीणही आठवड्याभरात सापडली. इतकं सोपं होतं ते. आजकाल गावोगावी जुन्या वर्गांचे मेळावे होतात, आनंद आहे. आमची विनंती एवढीच, की यादी दहावीच्या निकालावरून काढू नका. पाचवीच्या, सातवीच्या हजेरीपटावरून काढा. मग कळेल आपला वर्ग केवढा होता.

सुट्टीनंतर आम्ही दोघी आपापल्या शाळेत गेलो आणि हजेरीपट उघडला. प्रत्येक वर्गात एखादं नाव असतंच, ज्याच्यापुढे गैरहजेरीच्या खुणा लागून लागून आलेल्या असतात. पूर्वी आम्ही निरोप पाठवायचो, पालकांना बोलवायचो. या वेळी घरी गेलो. जाताना त्या मुलीच्या दोन मैत्रिणींना बरोबर घेतलं, आणि परत येताना त्यांना सांगितलं, उद्यापासून रोज याच रस्त्यानं यायचं, तिला हाक मारून. एक मुलगी शाळेत परत आली आहे. दुसरीच्या घरी अजून जातोय.

जानेवारीत आम्ही पाच जणी पुन्हा राजपुरीला गेलो. तिला आधी विचारलं होतं तेव्हा ती “बघू” म्हणाली होती. धक्क्यावर पोचलो तर ती आधीच येऊन उभी. इस्त्री केलेला सूट, बरोबर सून आणि चार वर्षांची नात. आम्ही होडीवाल्याला सगळ्यांचे पैसे देऊ लागलो. तिनं आमचा हात बाजूला केला, पर्स उघडली आणि आपले, सुनेचे पैसे मोजून त्याच्या हातावर ठेवले.

“माझ्या सहलीचे मी भरणार,” ती म्हणाली आणि नातीला उचलून होडीत बसली.